शेजारच्या सीटपुढचा ब्रेक

मित्रांनो, छत्रीची, घड्याळाची, फाटक्या पुस्तकाची कहाणी तुम्ही त्यांच्या तोंडून पुष्कळ वेळा ऐकली असेल. ती मंडळी निदान खुंटीवर, भिंतीवर, कपाटात असतात. मी त्या मानाने फारच खालच्या पातळीवरचा आहे. मी एक जुना ब्रेक आहे, आणि तोही ड्रायव्हरच्या पायाखालचा नव्हे. मी शेजारच्या सीटपुढचा ब्रेक.

तुम्ही म्हणाल, तिथे ब्रेक कशाला? तिथे तर पाय पसरायचे असतात आणि शेंगांची टरफलं टाकायची असतात. अगदी बरोबर. पण गाडी शिकवणाऱ्याच्या गाडीत तिथे मी असतो. शिकणारा गोंधळला, किंवा थांबायचं सोडून भलतंच काही दाबून बसला, की शेजारी बसलेले मास्तर मला दाबतात. ड्रायव्हरच्या पायाखालचा जो खरा ब्रेक, तो माझा थोरला भाऊ. आम्हा दोघांना एका सळईने बांधलेलं आहे. मी खाली गेलो की तोही खाली जातो. कोणाच्या पायाने गेलो, हे गाडीला कळत नाही. तिचं आपलं थांबण्याशी काम.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड, साचा, कानस, काळा रंग असं सगळं माझ्या वाट्याला आलं. शेवटी माझ्या तळव्यावर रबराचा तुकडा बसवला. कोणी पाय देईल तेव्हा तो घसरू नये, म्हणून. माझ्याबरोबर जन्मलेले कोणी ट्रकमध्ये गेले, कोणी मोठ्या साहेबांच्या गाडीत गेले. मला एका गॅरेजवाल्याने एका पांढऱ्या मोटारीत उताणं झोपून बसवलं आणि बाहेर येऊन म्हणाला, “घ्या मास्तर, तुमचा तिसरा पाय.”

तेव्हापासून मी मास्तरांचा.

मास्तर म्हणजे गावातल्या मोटार ट्रेनिंग स्कूलचे मालक, शिक्षक आणि शिपाई. त्यांना मी तोंडाने ओळखत नाही. मी जिथे आहे तिथून तोंड दिसत नाही, मित्रांनो. मला दिसतात बूट, चपला, पायमोजे आणि पायमोज्यांची भोकं. माणसाचं तोंड काय बोलतं ते मला ऐकू येतं आणि पाय काय बोलतो ते अंगाला कळतं. दोघांचं एकमत झालेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. “मी मुळीच घाबरलेलो नाही” असं म्हणणाऱ्या वकीलसाहेबांचे दोन्ही गुडघे एकमेकांवर आपटत असत.

मास्तरांचा बूट मात्र माझ्यावर कसा असायचा, काय सांगू! पाय माझ्यापासून कागदभर वर. टेकलेला नाही आणि लांबही नाही. गरज पडली की तो असा उतरायचा, की शिकणाऱ्याला वाटावं आपणच गाडी थांबवली. मास्तर म्हणत, “दुसरा ब्रेक शिकाऊला कळला, तर मास्तर कच्चा.” गचका बसला की शिकाऊ घाबरतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटात दुखायला लागतं. म्हणून मास्तर हलकेच थांबवायचे आणि वर म्हणायचे, “वा! वेळेवर थांबलात!” शिकाऊ खूश. त्याचा पाय अजून क्लचच्या आसपास काही शोधत असायचा, पण खूश.

आमच्या गाडीत कोण नाही शिकलं? दातांचे डॉक्टर शिकले. ते ब्रेक उपटायला निघाल्यासारखा दाबत. शाळेच्या मुख्याध्यापिका शिकल्या. त्या समोरच्या प्रत्येक म्हशीला हॉर्न न देता “अगं ए, बाजूला हो” असं म्हणत, आणि गंमत म्हणजे म्हशी होत. एक नवरदेव लग्नाआधी घाईने शिकायला आला होता. त्याला पुढे जाणं छान जमलं, मागे येणं शेवटपर्यंत जमलं नाही. मास्तर म्हणाले, “लग्नाला तेवढं पुरेल.”

एकाच माणसाला मास्तरांनी शिकवलं नाही. त्यांच्या बायकोला, म्हणजे मास्तरीणबाईंना. खरं तर एक धडा झाला होता. बंद पडलेल्या गिरणीमागच्या मैदानात. त्या धड्यात मी सारखा खाली-वर होत होतो, इतकं मला आठवतं. गाडीला झालं नाही काही, पण धडा संपल्यावर मास्तरीणबाई मैदानातून चालत घरी गेल्या आणि मास्तर गाडीतून मागे मागे. “अगं बस ना आत!” “नको. तुमच्या गाडीला माझा त्रास होतो.” त्यानंतर हा विषय त्या घरात निघाला नाही.

मग वय झालं, आणि मास्तरांनी शाळा बंद केली. गाडीच्या टपावरची पाटी उतरली, दारावरचं नाव खरवडून काढलं. गॅरेजवाल्याने विचारलं, “हा दुसरा ब्रेक काढून टाकू का? आता काय उपयोग?” मी श्वास रोखून धरला. म्हणजे माझ्यात जी काय स्प्रिंग आहे ती रोखून धरली. मास्तर म्हणाले, “राहू दे रे. इतकी वर्षं पायाशी आहे. कुठे जाईल बिचारा?”

राहिलो. पण काम गेलं की मान जातो, हे माणसांचंच नव्हे, ब्रेकचंही आहे. माझ्यावर भाजीच्या पिशव्या टेकू लागल्या. एकदा एक भोपळा घर येईपर्यंत माझ्या डोक्यावर बसला होता. छत्रीचं पाणी माझ्यावर ठिबकायचं. मी गंजू लागलो आणि स्वतःशी म्हणालो, संपलं आपलं.

तेवढ्यात माझ्या आयुष्यात एक चप्पल आली.

मास्तरीणबाईंची. मऊ, बिनटाचेची, अंगठ्याशी शिवण दिलेली. दर आठवड्याला मास्तर त्यांना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला घेऊन जात. तिथे त्यांची थोरली बहीण राहायची. या ताई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, पण जीभ ठणठणीत. धाकटी बहीण आली की दोघी दुपारभर सगळ्या नातेवाइकांची वेणीफणी करायच्या आणि मास्तर बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचे. परतताना मास्तरीणबाईंचे पाय कसे हलके झालेले असत! जाताना आणि येताना चप्पल तीच, पण पाय वेगळे.

आता तुम्हाला एक गुपित सांगतो. जगात जिथे जिथे नवरा गाडी चालवतो, तिथे तिथे शेजारी बसलेली बायको जमिनीवर ब्रेक दाबते. तिथे ब्रेक नसतो, तरी दाबते. मनाचं समाधान. मास्तरीणबाईही तशाच दाबायच्या, माझ्या शेजारी, चटईवर. पण जगातल्या बाकीच्या बायकांच्या आणि त्यांच्यात एक फरक होता. त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर खरोखर ब्रेक होता.

एका चौकात पुढची रिक्षा एकाएकी थांबली. मी वाट पाहत होतो की सळई ओढली जाईल, थोरला दाबला जाईल. थोरला नुसताच उभा. मास्तरांचा पाय निघाला होता, पण अजून वाटेत होता. तेवढ्यात ती मऊ चप्पल चटईवरून सरकली आणि माझ्यावर आली. मी खाली गेलो. गाडी थांबली. मग मास्तरांचा पाय थोरल्यावर पोहोचला, आणि तो आधीच खाली गेलेला पाहून त्याला वाटलं, आपणच नेला.

“बघितलंस?” मास्तर म्हणाले. “काय थांबली गाडी! लोण्यासारखी! या वयातसुद्धा!”

चप्पल माझ्यावर तशीच होती. वरून आवाज आला, “हो ना.”

मला मोठं कुतूहल वाटलं. बाई आता सांगतील, मग सांगतील. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही. हळूहळू चप्पल चटईवर टेकेनाशीच झाली. घरातून निघाल्यापासून ताईंच्या दारापर्यंत ती माझ्यावर, कागदभर उंचीवर. मास्तर गाणं गुणगुणत. रस्त्यात भेटेल त्याला सांगत, “आजवर गाडीला ओरखडा नाही!” आणि शेजारून आवाज यायचा, “नाही ना.”

मी आपला विचार करायचो. मास्तरांचे पाय मला पाठ होते. त्यांना काय झालं असेल? थकले असतील? का विसरले असतील? पण गिअर बदलताना तेच पाय अजून सुरेख नाचत. फक्त अचानक काही आलं, की डोळ्यांपासून पायापर्यंतचा निरोप जरा रेंगाळत यायचा. वाटेत कोणाशी तरी गप्पा मारत थांबल्यासारखा.

अशात नवा नियम आला. अमुक वयापुढच्या ड्रायव्हरांनी परवाना पुढे चालू ठेवायचा असेल, तर पुन्हा परीक्षा द्यायची. मास्तर गाडीत बसून पोट धरून हसले.

“माझी परीक्षा? अगं, अर्ध्या गावाला परीक्षेला मी बसवलं! आणि ऐक, गाडीला दुसरा ब्रेक असेल तर आपल्याच गाडीत परीक्षा देता येते. गावात अशी म्हातारी एकच गाडी, आपली!”

“परीक्षेच्या वेळी शेजारी कोण बसतं?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“परीक्षक.”

“मी मागे बसले तर चालेल?”

“तू कशाला? घरी बस आणि चहा टाकून ठेव.”

चप्पल माझ्यावरून उचलली गेली. वजन उतरलं, तरी मला भोपळ्याहून जड वाटलं.

परीक्षेच्या आधी त्यांची लेक आली. ती नोकरी करते, गाडी झकास चालवते, आणि वडिलांवर तिचा फार जीव. म्हणून सारखी त्यांना रागावते. म्हणाली, “बाबा, एक चक्कर मारून दाखवा. मी शेजारी बसते.” त्यामुळे मास्तरीणबाई मागे गेल्या. लेकीने आपली जाडजूड बॅग पायाशी ठेवली, नेमकी माझ्यापुढे. मी झाकलो गेलो. भोपळ्यानंतर एवढं गुदमरायला झालं नव्हतं.

मास्तरांनी गाडी काय चालवली म्हणता! आरशात बघणं, हात दाखवणं, वळताना बोलून दाखवणं. लेक म्हणाली, “बाबा, मस्त हं.” आणि भाजीच्या दुकानाच्या कोपऱ्यावर एक बाई क्रेटमधले टोमॅटो निवडायला रस्त्याच्या कडेला वाकली.

मागच्या बाजूला धप्पकन आवाज झाला. मास्तरीणबाईंनी जमिनीवर पाय आपटला होता. तिथे ब्रेक नव्हता.

मग लेक किंचाळली. मग मास्तरांचा पाय आला. गाडी क्रेटांना लागली, टोमॅटो रस्ताभर झाले, आणि ती बाई हातात एक टोमॅटो धरून होती तिथेच उभी राहिली. तिच्या आणि गाडीच्या मध्ये हातभर जागा असेल नसेल. तिला काही झालं नाही, मित्रांनो. मी बॅगेमागे होतो; हे सगळं मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं.

भाजीवाला धावत आला. “दिसत नाही का रे तुला... अरे! मास्तर? तुम्ही? माझा पुतण्या तुमच्याकडेच शिकला की!”

“हो,” मास्तर म्हणाले. “चांगला शिकला होता.”

परत येताना गाडी लेकीने चालवली. मास्तर मागे मास्तरीणबाईंशेजारी बसले होते; सीटखालून मला दोघांचे पाय दिसत होते. मास्तर म्हणाले, “ऊन एकदम डोळ्यावर आलं.”

“ऊन पाठीमागे होतं, बाबा.”

“मग तुझी ती बॅग...”

“बॅग माझ्या पायाशी होती. बाबा, बास झालं. परीक्षाबिरीक्षा काही नको. गाडी विकून टाकू.”

“आजवर एक ओरखडा नाही माझ्या हातून!”

“आणि आज ती बाई गाडीखाली आली असती तर?”

मास्तरांच्या बुटाचा पुढचा भाग हळूहळू वर-खाली होऊ लागला. शिकाऊची एखादी चूक उमजली नाही की तो असाच हलायचा. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “मागे धप्प आवाज कसला झाला?”

“माझा पाय लागला,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“माझ्या ब्रेकच्या आधी झाला तो.”

मास्तरीणबाईंनी आपले पाय मागे ओढून घेतले.

सकाळी लेक कामाला गेली, आणि मास्तर गाडीपाशी येऊन म्हणाले, “चल गं. एक चक्कर.”

“आता कुठे?”

“चल तर खरी. पुढे बस.”

गाडी गिरणीमागच्या मैदानात गेली. ते मैदान मी चाकांच्या खडखडाटावरून ओळखलं. मैदानाच्या पलीकडे गिरणीची भिंत. मास्तरांनी गाडी तिच्या रोखाने सोडली, माणूस रमतगमत चालेल अशा बेताने. एक हात त्यांनी हँडब्रेकवर ठेवला होता. आणि मग सळईतून थोरल्याने मला घाबरून कळवलं, अरे, मास्तरांचा पाय इकडे नाहीये! त्यांनी उजवा पाय उचलून डाव्या पायावर ठेवला होता, आणि हाताची घडी घालायची तेवढी बाकी होती.

भिंत येत होती. मी ती पाहू शकत नव्हतो, पण चप्पल पाहत होती. ती आली. कशी आली म्हणाल, तर वाफ भांड्यावर बसावी तशी. मी खाली गेलो. गाडी थांबली.

“कोणी थांबवली?” मास्तरांनी विचारलं.

“तुम्हीच. आणखी कोण?”

“माझा उजवा पाय डाव्या पायावर आहे. वाकून बघ.”

त्या वाकल्या. पहिल्यांदाच मी मास्तरीणबाईंचं तोंड पाहिलं. चष्मा, आणि चष्म्यामागे चोरी सापडलेल्या पोरीचे डोळे. पण लगेच ते डोळे भडकले.

“म्हणजे भिंतीकडे गाडी सोडून तुम्ही पाय वर घेऊन बसलात? डोकंबिकं फिरलंय का तुमचं? मी दाबलाच नसता तर?”

“तू दाबतेस का, तेच तर बघायचं होतं.” मास्तरांचा आवाज चढला. “माझ्या गाडीत! माझ्या शेजारी बसून! मला न सांगता! अगं, सगळं गाव मला मास्तर म्हणतं, आणि तू मला शिकाऊ करून ठेवलंस?”

“मग काय करायचं होतं? रिक्षावर आपटू द्यायचं होतं?”

“कधीपासून चाललंय हे?”

“तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायच्या आधीपासून.”

“पण ऑपरेशननंतर मला लख्ख दिसतं!”

“दिसतं हो. दिसल्यावर पाय निघायला वेळ लागतो.”

मित्रांनो, माणसाला वर्मी लागतं तेव्हा त्याचे पाय एकदम शांत होतात. मास्तरांचे झाले.

“सांगायचं होतंस,” ते हळू आवाजात म्हणाले.

“सांगणारच होते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, लोण्यासारखी थांबली. इतका खुलला होता चेहरा. म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. मग पुढच्या वेळी...” त्या थांबल्या. “आणि खरं सांगू? ताईकडे जायचं होतं मला. तुमची गाडी थांबली, की माझं जाणं थांबलं. दोन बसा बदलून कोण नेणार मला? म्हणून तुमचंही झाकलं आणि माझंही. काल ती बाई वाकली आणि माझ्या पायाखाली नुसता पत्रा लागला, तेव्हा माझं पाणी पाणी झालं. रात्रभर तिचा तो टोमॅटो दिसत होता.”

मग मास्तरांमधला मास्तर जागा झाला. त्याला काही केल्या राहवेना.

“पण मला कळलं कसं नाही? पाय कधी ठेवतेस? आधी टेकवतेस का?”

“नाही. वरच धरते.”

“किती वर?”

“कागदभर.”

“आणि दाबताना टाच कुठे?”

“खाली. हलवत नाही.”

“हं.” मास्तरांनी लांब श्वास सोडला. “आयुष्यभर दुसरा ब्रेक वापरला मी. इतका हलका पाय माझासुद्धा नव्हता.”

“याच मैदानात तुम्ही मला म्हणाला होतात, तुला जन्मात जमायचं नाही.”

“असं म्हणालो होतो मी?”

“दोनदा.”

“मग मास्तर कच्चा,” मास्तर म्हणाले, आणि दोघंही हसू लागली. हसता हसता कोणाचं तरी नाक वाजलं. कोणाचं ते मला खालून कळलं नाही.

लेकीला वाटलं, आता परीक्षा रद्द. पण मास्तर ऐकेनात. म्हणाले, “इतक्यांना परीक्षेला पिटाळलं आणि स्वतःची आली की पोटात दुखलं, असं चालायचं नाही. आणि मला बघायचंय, तिऱ्हाईत माणूस काय म्हणतो.” लेकीने गाडी चालवत सगळ्यांना परीक्षेच्या जागी नेलं. तिथे लेक आणि मास्तरीणबाई बाहेर बाकावर बसल्या.

परीक्षक एक तरुण बाई होत्या. काळे, नाडीचे, कडक बूट. मास्तर किल्ली फिरवण्याआधी म्हणाले, “मॅडम, पाय ब्रेकवर तयार ठेवा. माझा जरा उशिरा येतो.”

बूट चपापले. “काका, असं परीक्षकाला कोणी सांगत नाही.”

“मी शिकवायचो. ज्याच्या शेजारी बसायचं त्याला खरं सांगावं, एवढं शिकलोय अलीकडे.”

ते उत्तम चालवत होते. मॅडम दोनदा “छान” म्हणाल्या. मग गल्लीतून एक सायकल बाहेर आली, आणि कडक बूट माझ्यावर दाणकन पडला. गाडी गचका खाऊन थांबली. सायकलवाला हात हलवून निघून गेला. मास्तरांनी गाडी रस्त्याच्या कडेला अशी सुबक लावली, की फोटो काढावा. इंजिन बंद केलं.

“नापास ना?”

“काका, पुन्हा देता येते परीक्षा. थोडा सराव करून या.”

“सराव जन्मभर केला, मॅडम. आता शेजारी बसायचा करतो.” त्यांनी किल्ली काढून स्वतःच्या तळहातावर ठेवली, जरा वेळ ठेवली, आणि मग पुढे केली. “परत तुम्ही चालवा. आणि एक सांगू? पाय चांगला आहे तुमचा, पण जड पडतो. कधी वेळ मिळाला तर आमच्या घरी या. आमची ही दाखवेल तुम्हाला.”

घरी जाताना मास्तर माझ्या सीटवर बसले. इतक्या वर्षांनी तोच बूट, तोच पाय. प्रत्येक कोपऱ्यावर तो मला दाबायचा, गाडी चालवणारी लेक ओरडायची, “बाबा! पाय!” आणि मागून मास्तरीणबाई म्हणायच्या, “असू दे गं. सवय जायला वेळ लागतो.”

पुढे गाडी दारात उभी राहिली. धूळ बसली. एका मांजरीने माझ्या खालच्या बाजूला संसार थाटला. मग मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने नवं ट्रेनिंग स्कूल काढलं आणि ती आम्हाला घेऊन गेली. माझा गंज खरवडला, नवं रबर लावलं. मी पुन्हा कामावर आहे.

मास्तर अधूनमधून येतात आणि खिडकीपाशी उभे राहतात. चुका सांगण्यासाठी ते येतात असं नवी मास्तरीण म्हणते, पण ते गप्पाच जास्त मारतात. त्यांच्याकडूनच मला कळलं, की दोघं आता दर आठवड्याला दोन बसा बदलून ताईंकडे जातात. पहिल्या बसमध्ये मास्तर सारखे पुढे वाकून ड्रायव्हरवर लक्ष ठेवत होते. मास्तरीणबाईंनी त्यांना खिडकी दाखवली. म्हणाल्या, “अहो, बाहेर बघा. केवढी झाडं लावलीयेत या रस्त्याला! कधी लावली ही?” दोघांनाही ठाऊक नव्हतं. मास्तरांचे डोळे आपल्या रस्त्यावर होते, आणि बाईंचेही मास्तरांच्याच रस्त्यावर.

नव्या शिकाऊला मास्तर एकच धडा देतात. “गाडी वेळेवर थांबली, की लगेच स्वतःची पाठ थोपटायची नाही. आधी शेजारी बघायचं. मी थांबलो, का तू थांबवलंस, हे एकदा विचारायचं.”

तर मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. तुमच्या घरात आजोबा असतील, आजी असतील, गाडी चालवत असतील. खुशाल चालवू द्या. पण त्यांच्या शेजारी बसलात आणि तुमचा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला, तर त्या पायाचं म्हणणं तोंडाने सांगा. त्याच दिवशी सांगा. रागावतील, ऊन डोळ्यावर आलं म्हणतील, तुमच्या दप्तराला दोष देतील. तरी सांगा, आणि सांगून झालं की त्यांना जिथे जायचं असतं तिथे कसं जायचं, तेही त्यांच्याजवळ बसून ठरवा. मी गाडी थांबवू शकतो. एवढं काम मात्र माझ्या आवाक्यातलं नाही. ते माणसांचं आहे.

आणि पायाशी पिशवी ठेवताना जरा वाकून बघत चला. खाली कोणी असतं.